गोटाबंगल्याची पश्चिमेकडची भिंत

भिंती मोजणं हा माझा धंदा आहे. जुन्या इमारती दुरुस्त करायच्या आधी त्यांचे नकाशे काढावे लागतात, ते मी काढते. बावीस वर्षं झाली. या काळात किती पडक्या बंगल्यांत, किती ओसाड कचेऱ्यांत मी एकटी टेप घेऊन फिरले असेन, त्याची गणती नाही. आणि प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी सांगतंच — मॅडम, त्या खोलीत जाऊ नका, तिथे अमुक आहे, तमुक दिसतं. मी जायचे. पाली असायच्या, वटवाघळं असायची, बस्स. माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही भुताखेतांवर नाही. पण मग मला जे झालं त्याला काय म्हणायचं, ते मला कळत नाही... म्हणून या अनुभवांच्या सदरात लिहिते आहे. घरात हे ऐकून घेणारं आता कुणी नाही.

जागा नीट सांगते. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. तुमसरहून आंबागडकडे निघालं की किल्ल्याचा डोंगर समोर दिसायला लागतो, त्याच्या अलीकडे उजव्या हाताला एक फाटा आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. गावाला लागून मोठा जुना तलाव, तलावाच्या खाली धानाची शेतं, आणि पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, उत्तर टोकाला, पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, दगडी कॉटेज. आमच्या भागात दगडाला गोटा म्हणतात, म्हणून गावात त्याचं नाव गोटाबंगला. कुण्या गोऱ्या साहेबानं बांधला एवढंच सगळ्यांना ठाऊक. तो साहेब चिखल्याकडच्या मॅंगनीजच्या खाणीचा होता की जंगल खात्याचा, यावर गावात अजून वाद आहे.

दोन खोल्या, पुढे व्हरांडा, तीन फुटांचं जोतं. भिंती पावणेदोन फूट जाड, चुन्यात बांधलेल्या. कोपऱ्यांचे दगड घडीव, बाकीचे ओबडधोबड. छपराला सागवानी कैच्यांचा सांगाडा आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात वेड्यासारखी वाटेल अशी एक फायरप्लेसही आहे आत. आणि सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे पश्चिमेची, तलावाकडची भिंत. ती सलग होती. चोवीस फुटांत एकही खिडकी नाही. तलावाच्या काठावर हौसेनं घर बांधायचं आणि तलावाकडेच पाठ करायची! आमचे सर म्हणायचे, संध्याकाळचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही तिकडूनच येतात, साहेब शहाणा होता.

सर म्हणजे आमचे आर्किटेक्चर कॉलेजचे शिक्षक. पंचवीस वर्षांपूर्वी, मी तिसऱ्या वर्षाला असताना, आमच्या वर्गाला या भागातल्या जुन्या इमारतींची मोजमापं घ्यायला आणलं होतं. दोघादोघांच्या जोड्या केल्या. गोटाबंगला माझ्या आणि अविनाशच्या वाट्याला आला. अविनाश म्हणजे पुढे जो माझा नवरा झाला, तो. तेव्हा नुसता वर्गातला मुलगा होता... लांबुडका, हळू बोलणारा, प्रत्येक गोष्टीकडे जरा जास्तच वेळ बघत बसणारा. मला त्याच्या त्या संथपणाचा राग यायचा.

कामाची वाटणी अशी झाली की मी बाहेरून मोजायचं, त्यानं आतून. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचे आकडे एका कागदावर मांडायला बसलो, तर त्याच्या नकाशात पश्चिमेच्या भिंतीत खिडकी. उत्तरेच्या कोपऱ्यापासून सात फूट चार इंच सोडून, तीन फूट रुंद. मी म्हटलं, ही काय? तो म्हणाला, खिडकी. मी म्हटलं, अरे तिथे खिडकी नाहीये. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी भलतं बोलले.

आम्ही उठून गेलो. बाहेरून बघितलं — सलग भिंत. आतून बघितलं — सलग भिंत. अविनाश हात फिरवून बघत राहिला. मग फक्त एवढंच म्हणाला, "काल होती नं."

वर्ग जो हसला! सर स्वतः आले, भिंतीसमोर उभे राहिले, त्याच्या शीटवर लाल पेनानं फुली मारून त्यांनी खाली लिहिलं — निरीक्षण कच्चं. अविनाशनं वाद घातला नाही. पण ती खिडकी त्यानं शीटवरून खोडलीही नाही. निघायच्या आधी त्यानं कॅमेऱ्यातून माझा एक फोटो काढला, त्याच भिंतीला टेकून मी उभी आहे, हातात टेपचं कडं. माझ्यामागे पूर्ण भिंत आलेली आहे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दगडच दगड.

पुढे आमचं लग्न झालं, नागपुरात घर झालं, मुलगी झाली — मीनल. आणि ती खिडकी आमच्या घरातला विनोद झाली. कुणी पाहुणे आले की मी रंगवून सांगायचे, याला भिंतीत खिडकी दिसते म्हणून. नंतर तर ती घरातली म्हणच झाली. अविनाश म्हणाला, मी गॅस बंद केला होता — मी म्हणायचे, हो का, खिडकी दिसली का? तो म्हणाला, त्या माणसाचं लक्षण मला ठीक वाटत नाही — खिडकी दिसली का? मीनल पाच-सहा वर्षांची असल्यापासून तीही म्हणायची. तोही हसायचा. मला तेव्हा वाटायचं, त्यालाही गंमत वाटते.

अविनाशला जाऊन चार वर्षं झाली.

या वर्षी जानेवारीत मला एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. गावातल्या लोकांनी मिळून गोटाबंगला दुरुस्त करायचं ठरवलंय, छप्पर पडायला आलंय, नकाशे काढून देशील का? मी हो म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. नको म्हणायला हवं होतं. जाण्याआधी कपाटातून अविनाशच्या शीट्सची गुंडाळी काढली. तो गेल्यापासून तिला हात लावला नव्हता. आत ती शीट होती, खिडकी तशीच, सरांची लाल खूण तशीच, आणि आत ठेवलेला तो माझा फोटो. फोटो मी पर्समध्ये टाकला.

सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला पोचले. थंडी होती, पण ऊन चांगलं पडलं होतं. गाडी पाळीवर लावली आणि तलावाच्या बाजूनं चालत निघाले. म्हणजे पश्चिमेच्या बाजूनं.

खिडकी होती.

मी तिथेच थांबले. घाबरले वगैरे नाही... पहिल्यांदा मला रागच आला. वाटलं, कुणीतरी मध्ये भिंत फोडून खिडकी बसवली, आणि आता ती उपटण्याचं काम माझ्या गळ्यात. जुन्या इमारतींत हे नेहमीचं आहे. मी तशीच जवळ गेले, बॅग खाली ठेवली आणि कामाला लागले.

मागाहून पाडलेली खिडकी ओळखता येते. कितीही सफाईनं केली तरी ओळखता येते. कडेचे दगड कापलेले दिसतात, दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, सिमेंटच्या असतात, नाहीतर चुन्याचा रंग वेगळा असतो. थर जुळत नाहीत. मी दोन तास त्या भिंतीला नाक लावून होते. कडेचे दगड घडीव, आणि ते एकाआड एक भिंतीत खोल शिरलेले. असे दगड बांधतानाच बसतात, नंतर बसवता येत नाहीत. वरचा आडवा दगड अखंड, दोन्ही बाजूंना फूटभर भिंतीत गेलेला, आणि त्याच्या वरचे थर एका ओळीत, कुठे भेग नाही, कुठे खचलेलं नाही. चुना तोच. खिडकीच्या खालच्या दगडावर काळं शेवाळ चढलेलं. त्या दगडाची कड मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती, जशी वर्षानुवर्षं माणसं टेकल्यावर होते.

टेप लावला. उत्तरेच्या कोपऱ्यापासून सात फूट चार इंच. रुंदी तीन फूट.

दुसऱ्यांदा मोजलं. तेच.

आत एक बाई जाळं दुरुस्त करत बसली होती, त्याच खिडकीच्या उजेडात. इतका वेळ ती मला बघत होती, पण शहरातल्या मॅडमचं काहीतरी काम चाललंय म्हणून बोलली नाही. तानाबाई तिचं नाव. ढिवराची, तलावात मासे धरणाऱ्या घरातली. तिचा सासरा या बंगल्याचा चौकीदार होता, किल्ली अजून त्यांच्याचकडे असते. माहेर कारध्याचं. मी आत गेले, तिच्यापाशी बसले आणि साधं विचारल्यासारखं विचारलं, ही खिडकी कधी पाडली?

"पाडली?" ती म्हणाली. "मी लगन होऊन आली तवापासून हेच खिडकी पाहून राहिली. माहा सासरा इथंच बसून जाळे विने."

मी पर्समधून फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं तो खिडकीकडे धरून खूप वेळ बघितला. फोटोतली भिंत, मग समोरची भिंत. मग माझ्याकडे. तिला ओळख पटायला थोडा वेळ लागला. मी तेव्हा वीस वर्षांची, दोन वेण्या घातलेली.

तुमी त्या कालेजच्या पोरी, ती म्हणाली. तिला आठवत होतं. तिचं नुकतंच लग्न झालं होतं, ती पाळीवरून दुपारी सासऱ्यासाठी भाकर घेऊन आली होती. तुमच्यासंग एक उंच पोरगा होता, म्हणाली. तो कुठे असतो आता, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं हातातलं जाळं खाली ठेवलं.

मग तिनं अविनाशबद्दल जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण गेल्या कित्येक महिन्यांत मी ते रोज ऐकते आहे.

"थे या खिडकीत बसून होते, पाय भाईर सोडून. तुमी समोर उभ्या, हातात कागद. अन् तुमी त्याइलेच हाका मारत होत्या — अवी, कुठं गेला रे, अवी. हातभर अंतरावर. थे तुमच्याकडे पाहून हासत होते. आमाले वाटलं, शयरातली पोरं हायेत, गंमत करून राहिले."

मी विचारलं, मग?

"मंग तुमी निंगून गेल्या. अन् थे हासाचे थांबले."

त्या दुपारी मी त्याला शोधत होते, हे खरं आहे. मी ते पार विसरून गेले होते. अर्ध्या तासानं तो व्हरांड्याकडून आला होता, चेहरा उतरलेला. मी चिडून विचारलं होतं, कुठे होतास? इथेच होतो, म्हणाला होता. हे कुणालाच माहीत नव्हतं. वर्गाला नाही, सरांना नाही. माझ्या त्या रंगवून सांगायच्या गोष्टीतही हे कधी नव्हतं.

संध्याकाळी तुमसरला मुक्कामाला परतल्यावर मी सरांना फोन केला. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, पण डोकं साफ आहे. त्यांनी एका क्षणात सांगितलं, भिंत सलग होती, मी स्वतः तिथे उभा होतो. कुणीतरी नंतर पाडली असेल. मी त्यांना दगडांचं सांगितलं, चुन्याचं सांगितलं, वरच्या अखंड दगडाचं सांगितलं. त्यांना सगळं कळत होतं, त्यांनीच तर शिकवलं होतं.  मग म्हणाले, "या वयात मला हे नको सांगूस." आणि फोन ठेवला.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते.

चार वर्षांपूर्वीचा तो रविवार. सकाळचे नऊ वाजले असतील. मला एक नकाशा पाठवायचा होता, मी लॅपटॉपवर होते. मीनल तेव्हा दहावीत, डायनिंग टेबलाशी अभ्यास करत होती. अविनाश बाहेरून दूध घेऊन आला आणि म्हणाला, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, रात्री एवढी भरली वांगी खाल्लीस, ॲसिडिटी असेल. थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, नाही गं, हे वेगळं आहे. मी स्क्रीनवरून मान वर केली नाही. मी म्हटलं —

"खिडकी दिसली का पुन्हा?"

तो हसला. मीनलही हसली. मग तो सोफ्यावर जाऊन बसला. तिसऱ्यांदा तो काही म्हणाला नाही.

साडेअकराला आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी मला फारसं काही ऐकवलं नाही. फक्त विचारलं, त्रास कधीपासून होता? मी म्हटलं, आत्ताच सुरू झाला. मीनल माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या विषयावर आम्ही दोघी आजपर्यंत बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गोटाबंगल्यात गेले. काम तसं संपलं होतं. मी त्या खिडकीत बसले, पाय बाहेर सोडून, तो बसला होता म्हणतात तशी. सकाळी दहापासून उन्हं कलेपर्यंत बसले. तुम्हाला वाटेल, काहीतरी दिसलं असेल, काही आवाज आला असेल. या सदरातल्या बाकीच्या अनुभवांत येतो तसा. काही आलं नाही. समोर तलाव होता. पलीकडच्या काठाला मासे धरायचे दोन डोंगे होते. पाणकावळे होते. तानाबाईनं एकदा चहा आणून दिला आणि परत गेली. मी त्याच्या नावानं हाक मारली — एकदाच, हळू. मला स्वतःचीच लाज वाटली. मग टेप गुंडाळला आणि निघाले.

नकाशा मी खिडकीसकट पाठवला. दुरुस्ती चालू आहे. आमच्या ऑफिसमधल्या एकीला मी तो जुना फोटो आणि नवे फोटो शेजारी ठेवून दाखवले. ती म्हणाली, हा जुना फोटो दुसऱ्या भिंतीचा असेल. तो दुसऱ्या भिंतीचा नाही. कोपऱ्यातला एक दगड टोकाला फुटलेला आहे, तोच दगड दोन्हींत आहे. मी तिला तो दाखवला. तिनं बघितला, हं म्हणाली, आणि आपल्या कामाला गेली. तिची चूक नाही. तिच्या जागी मीही हेच केलं असतं. मी आयुष्यभर हेच केलं.

मीनल आता पुण्यात शिकते. होळीला घरी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं — खिडकी, तानाबाई, सगळं. मला वाटलं होतं ती रडेल, निदान चिडेल. तिनं फोनवर ते फोटो मोठे करून करून बघितले. "म्हणजे बाबा खरंच..." एवढंच म्हणाली आणि फोन परत दिला. सुट्टी आणखी तीन दिवस होती, ती दुसऱ्याच दिवशी परत गेली. सबमिशन आहे म्हणाली.

गेल्या महिन्यात तिच्या रूममेटचा मला फोन आला. तिची कसली तरी वही मीनलच्या सामानात होती, मीनल फोन उचलत नव्हती म्हणून तिनं माझा नंबर शोधला होता. बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं की मीनल आता बरी आहे, डिस्चार्ज मिळाला. तिला डेंगी झाला होता. चार दिवस ती ॲडमिट होती. त्या चार दिवसांत माझं तिच्याशी दोनदा बोलणं झालं होतं, आणि दोन्ही वेळा ती ठीक आहे म्हणाली होती.

मी मीनलला फोन करून विचारलं, मला का नाही सांगितलंस? ओरडले नाही. खरंच नाही. तिच्या मागे पंख्याचा आवाज येत होता. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तुला सांगून काय होतं, आई."

 

त्या भिंतीचं काय झालं, हे मला कळलेलं नाही. ती आधी सलग होती आणि नंतर नव्हती, की ती कधीच सलग नव्हती आणि आम्हालाच खिडकी दिसली नाही... मग फोटोत का नाही, मग सरांना का नाही... मी प्रत्येक बाजूनं विचार केला, आणि प्रत्येक वेळी कुठेतरी अडते. कुणी म्हणेल, बाई दुःखानं भ्रमिष्ट झाली आहे. असेनही.

तुमच्यापैकी कुणी आंबागडचा किल्ला बघायला गेलात, तर वाट थोडी वाकडी करून गोटाबंगला विचारा. गावात कुणीही दाखवेल. तलावाच्या बाजूनं जा आणि ती भिंत बघा. खिडकी असली तर आहे म्हणून कळवा, नसली तर नाही म्हणून कळवा. तुम्ही जे सांगाल ते मी खरं मानीन.